खिडकीतला रुमाल आणि कपाटातलं इंजेक्शन

सकाळी अकराची वेळ. वसईत एसटी स्टँडसमोरचा दवाखाना. बाकावर पाच पेशंट, कोपऱ्यात मी. सत्तरचं दशक संपत आलेलं.

तालुक्याच्या बातम्या गोळा करायला मी रोज तिथे बसायचो. बातमी छापली की संपते, किस्से मात्र साठत जातात. त्यातल्या एकावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

आमचे डॉक्टर प्रत्येक औषध समजावून द्यायचे. कंपाउंडर पास्कू वैतागायचा, "डॉक्टर, गोळी द्या नि सोडा. हे काय कॉलेज हाय?"

*

एकदा एसटीचा ड्रायव्हर भांडायला आला. "सर्दीची गोळी दिलीत, मी डेपोतच पेंगलो. गोळी नाकाची, ती डोक्यात कशाला गेली?"

"गोळीला पत्ता माहीत नसतो," डॉक्टर म्हणाले. "ती रक्तातून अंगभर फिरते. पेशींवर सीटा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हिच्या मापाची सीट नाकात आहे, तशीच मेंदूतही आहे. दिसली की बसली."

"म्हणजे फुकटा पॅसेंजरच की," ड्रायव्हर म्हणाला आणि गोळी बदलून घेऊन गेला.

*

एक शाळामास्तरीणबाई दम्याच्या. छातीत धडधडलं म्हणून त्यांनी शेजारणीची ब्लडप्रेशरची गोळी घेतली. आमच्याकडे वाडीतली केळी वाटतात तशा गोळ्याही वाटत. बाईंना धाप लागली, आणि नेहमीची दम्याची गोळी घेऊनही उतरेना.

डॉक्टर म्हणाले, "बाई, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना? शेजारणीची गोळी तो रुमाल. स्वतः काही करत नाही, तुमच्या दम्याच्या गोळीला सीटवर बसू देत नाही."

"मग काढा तो रुमाल," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"तो वेळ झाल्यावर आपोआप उठेल. तोवर मी दुसऱ्या दाराने शिरतो." डॉक्टरांनी वेगळं इंजेक्शन दिलं. बाई तासाभरात नीट बोलू लागल्या.

पास्कू म्हणाला, "शेजारणीला सांगा, पुढच्या टायमाला केळीच पाठव."

*

आता तो राग.

कळंबचा नारू पानवेलीच्या वाडीत फवारणी करायचा. कीटकनाशक पिंपात ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं, ही त्याची रोजची रीत. एका दुपारी बायकोने त्याला टांग्यातून आणला. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

डॉक्टर सुई भरता भरता बोलत होते. "अंगातलंच एक रसायन सीटवर बसतं, घंटी मारतं आणि उठतं. त्याला उठवणारा कंडक्टर विषाने मारलाय. घंटी थांबत नाही. त्या सीटवर रुमाल टाकायला हवा, म्हणजे अ‍ॅट्रोपिन. माझ्याकडे चार इंजेक्शनं आहेत, तासभरही पुरणार नाहीत. तुम्ही सरकारी इस्पितळात पळा."

मी पळालो. तिथला कारकून म्हणाला, "औषध आहे, पण कपाटाला कुलूप. किल्ली स्टोअरकीपरकडे, ते ठाण्याला मीटिंगला."

"माणूस मरतोय. मी पेपरात छापीन."

"छापा की. छापून येईपर्यंत ते परत येतील."

मी तसाच मागे फिरलो. तोवर पास्कू सायकल मारत गुरांच्या डॉक्टरांकडे पोचला होता. तो दोन खोकी घेऊन आला, तेव्हा नारूची बायको रडत म्हणाली, "गुराचं मानसाला चालंल का वो?"

"सीट तीच आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. बाटल्यांवरची ताकद वाचून त्यांनी माप ठरवलं. मग सुईमागून सुई. छातीतली घरघर थांबली, घाम सुकला.

दिवेलागणीला नारूने डोळे उघडले. "त्वांड सुकलंय. पानी दे."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "बसला रुमाल!" पास्कूने सायकलची घंटी वाजवली आणि बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी टाळ्या पिटल्या.

मी पेपरात छापलं. चौकशी लागली, कारकुनाची बदली झाली, नारू पुन्हा वाडीत गेला आणि काठीने ढवळू लागला.

कपाटाला दोन किल्ल्या होत्या, हे चौकशीत निघालं. दुसरी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. साहेब त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीवर बसून होते.