हुकूमशहाचा मुखवटा

काल दाराला ऑइलपेंट लावताना वास आला आणि सूर्यमाळ गावातलं ते नाटक आठवलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि एक इंग्रजी कादंबरी वाचून पुरता पेटलो होतो. तिच्यातला हुकूमशहा घराघरावर नजर ठेवतो, हसणाऱ्यालाही तुरुंगात टाकतो. मी तिचं नाटक केलं. हुकूमशहा भयंकर दिसावा म्हणून तिकडच्या बोहाड्याच्या उत्सवात देवांच्या सोंगांना असतो तसा बटबटीत डोळ्यांचा मुखवटा जव्हारहून रंगवून आणला. भर उन्हाळा होता, रंग अजून हाताला चिकटत होता. संध्याकाळी शाळेचे कारकून तो घालून मंचावर आले आणि सगळं गाव हात जोडून उभं राहिलं. एक म्हातारी मूठभर तांदूळ घेऊन पुढे झाली. "देवा, इहिरीत पानी नाय. कवा देशील?" मी विंगेतून नको-नको असे हात हलवत होतो, तोच मुखवट्यातून घोगरा आवाज आला, "देतो." लोक समाधानाने खाली बसले. पुढे नाटकात हुकूमशहाने कितीही जणांना तुरुंगात टाकलं, तरी कोणाची काही तक्रार नव्हती. नंतर घामाघूम कारकून मला म्हणाले, "सर, देतो म्हणून बसलो. आता काय हो?" त्याच आठवड्यात तालुक्याचा टँकर आला. पाण्याचा पहिला तांब्या घेऊन म्हातारी शाळेत आली, तिथल्या कपाटावरच्या मुखवट्यासमोर तो ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.