पिंपळाखाली ठेवलेला झेंडा

आमच्या कॉलनीत झेंडा बांधायचं काम माझ्याकडं आलं, ते मी सरकारी कचेरीत आहे म्हणून. पडेगावच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, रो-हाऊसच्या ओळी आहेत. मधल्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइप रोवलेला आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी फाटकातून हाक मारतंच, "साहेब, उद्याचं तुमच्याकडं बरं का." मी साहेब नाही, लिपिक आहे. पण झेंड्याची घडी कशी घालायची, आत पाकळ्या कुठं ठेवायच्या, एका झटक्यात सुटेल अशी गाठ कशी मारायची, हे मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं होतं. ते काम करताना मला खरोखर बरं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडलांना सही तेवढी येत होती, आईला तीही येत नाही. आज माझ्याकडं जे काही आहे, ही नोकरी, हे घर, मुलीची शाळा, ते सगळं गावच्या शाळेच्या त्या पत्र्याच्या खोल्यांमधून आलेलं आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. लोकांना ते भाषणासारखं वाटतं.

गेल्या पंधरा ऑगस्टला दिवसभर वारं सुटलं होतं. संध्याकाळी झेंडा उतरवला तेव्हा हिरव्या पट्टीचं टोक फाटून दशा लोंबत होत्या. कॉलनीचे अध्यक्ष वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "नवीन आणू आपण. याचं तुम्ही नियमानं काय ते करा. तुम्हाला माहीत असतं सगळं."

नियम मी रीतसर वाचून काढला. ध्वजसंहिता सांगते की फाटलेला, मळलेला झेंडा लावायचा नाही. तो वापरण्याजोगा राहिला नाही, तर पूर्णपणे, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीनं नष्ट करायचा. आणि कायदा असा आहे की लोकांसमोर कुणी झेंडा जाळला, फाडला, तुडवला, त्याचा अपमान केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. दार लावून जाळला तर तो मान, चौकात जाळला तर तो गुन्हा. वाचताना मला ते पूर्ण पटलं. करताना जमेना.

एका रविवारी घमेलं आणि काडेपेटी घेऊन मी मागच्या अंगणात गेलो. शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होत्या. "काय जाळताय भाऊजी, पाला का?" म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि दोन मूठ पाला जाळून आत आलो. शेजाऱ्यांवर ढकलायला ते बरं होतं, पण खरं कारण भिंत नव्हती. ज्याला हात लावायच्या आधी आम्ही मुलं हापशावर कोपरापर्यंत हात धुवायचो, त्याला काडी लावायला माझा हातच उठत नव्हता. मी झेंडा घडी करून कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खाली ठेवून दिला.

घट बसायच्या आधी घर आवरायला आई गावाकडून आली. आमचं गाव दौलताबादच्या पलीकडं आहे. आई आली की घरातलं सगळं उन्हात पडतं, गोधड्या, डबे, पितळेची भांडी. कपाट रिकामं करताना तिला झेंडा सापडला.

"हा कुणाचा रं?"

"कॉलनीचा. फाटलाय."

"मग हितं काहून ठिवला? लुगड्याखाली?"

"त्याला रीतीनं निरोप द्यायचाय, आई. मी बघतो."

"कव्हा?"

"बघतो म्हणलं ना."

बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, ह्यांचं हे कचेरीतलं 'बघतो' आहे. अर्जदार म्हातारा होतो." दोघी हसल्या. मीही हसलो. जाळायचा आहे, हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडातून निघाला असता तर पुढचं काही झालं नसतं. मी निरोप म्हणालो. तो शब्द ऐकायला बरा होता, आणि माझ्यावरची वेळ टळत होती.

आईला निरोप देणं माहीत होतं. आमच्याकडं देवाचा फोटो जुना झाला, काच फुटली, पोथीची पानं सुटली, तर ते कचऱ्यात टाकत नाहीत आणि चुलीत तर मुळीच घालत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात, नाहीतर पिंपळाखाली नेऊन ठेवतात. शनिवारी मी जादा कामासाठी कचेरीत गेलो असताना तिनं देवघर आवरलं. दोन जुन्या तसबिरी बाजूला काढल्या. त्यांच्याबरोबर झेंडाही काढला. तो तिनं धुतला, वाळवला, चार बोटांनी सारखा करत घडी घातली. हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. जमिनीला लागू नये म्हणून तसबिरी खाली आणि झेंडा वर, असं सगळं तिनं कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाखाली ठेवलं आणि नमस्कार करून परत आली. मला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. घर झाडल्यावर झाडलं म्हणून कोण सांगतं?

रविवारी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा फोटो आला. चिखलात पडलेला झेंडा, त्याच्यावर शेळीच्या खुरांचे ठसे. खाली लिहिलं होतं : आपल्या कॉलनीत राष्ट्रध्वजाचा अवमान. सर्वांनी ताबडतोब यावे. पोलीस चौकीला कळवले आहे.

जुना झेंडा मी कधीच उरकला असणार, असं ते धरून चालले होते. मी चप्पल घालून धावतच गेलो. पिंपळाजवळ दहापंधरा माणसं होती. भंगारवाल्याचा हातगाडा अडवून ठेवलेला होता. तो दर रविवारी येतो आणि त्याच झाडाखाली थोडा टेकतो. मध्यम वयाचा माणूस, दाढी पिकत आलेली.

"साब, मैं तो अब्बीच आया," तो म्हणत होता. "मेरेकू क्या मालूम किसने डाला?"

"तूच बसतो ना इथं? मग कोण टाकणार?" एक जण म्हणाला. "गोण्या उलट्या कर. बघू अजून काय काय आहे."

त्यानं पहिली गोणी उलटी केली. पुठ्ठे, बाटल्या, एक मोडका पंखा.

झेंडा कुणीतरी उचलून पारावर ठेवला होता. मी जवळ गेलो. चिखलाखाली पांढऱ्या पट्टीवर कुंकवाचं बोट दिसलं, आणि मला सगळं कळलं. शेळीनं फूल खाण्यासाठी तोंड घातलं असणार, झेंडा ओढला गेला असणार.

तेव्हा मी काय केलं? मी वाक्य जुळवत होतो. सदर ध्वज माझ्या ताब्यात होता, अनवधानाने, अशा चालीचं काहीतरी. कचेरीत खुलासा लिहितात तसं. खटल्याची भीती मला फारशी नव्हती. आईचं नाव न येता हे कसं सांगता येईल, तेवढंच मी शोधत होतो. ह्या बाईनं आयुष्यात कुणाचं काही बुडवलं नाही. आपण पाप केलं असं तिच्या मनात एकदा बसलं तर ते निघणार नाही, हे मला माहीत होतं. हे सगळं खरं आहे. पण मी शोधत होतो तोवर त्या माणसानं दुसरी गोणी उलटी केली आणि तिसरीची दोरी सोडायला वाकला, हेही खरं आहे.

मागून आईचा आवाज आला. ती पिंपळाला पाणी घालायला तांब्या घेऊन आली होती.

"त्या भाऊच्या गोण्या काहून उलट्या करू राह्यले?"

"मावशी, कुणीतरी झेंडा टाकलाय इथं," अध्यक्ष म्हणाले.

"टाकला नाय. ठिवला. म्या ठिवला."

सगळे तिच्याकडं वळले. आईला वाटलं, लोकांना नीट ऐकू गेलं नाही.

"जुना झाला व्हता. धुऊन, हळद-कुंकू लावून ठिवला. टाकीन कशी?" मग तिला पारावरचा चिखल दिसला. "आगं बाई. हे कुणी केलं?"

"अहो मावशी, हे असं चारचौघांत बोलू नका," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले. माणूस वाईट नाही, खरंच घाबरले होते. "गुन्हा आहे हा. तीन वर्षं हर्सूलच्या जेलात जाल."

"हर्सूलला?" आई हसली. "म्या काय कुणाचं चोरलं काय?" आणि हसतच तिनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून.

"आई, थांब जरा," मी म्हणालो. एवढंच.

तेवढ्यात मोटारसायकलवर हवालदार आले. अध्यक्षांनी सांगितलं, दुसऱ्यांनी सांगितलं, आईनं सगळ्यांत जास्त सांगितलं. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आजी, हसू का रडू मी?" म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "साहेब, तुमच्या ताब्यात होता ना? मला बी जरा सांगा. फाटल्यावर काय करतेत ह्याचं? नियम काय आहे?"

मी नियम सांगितला. शब्दन् शब्द पाठ होता. पूर्णपणे, खाजगीत, शक्यतो जाळून.

"जाळून?" आई म्हणाली.

तिनं हा शब्द हवालदाराला विचारला नाही, मला विचारला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. मला वाटतं, त्या घटकेला तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, तिनं केलं ते चुकीचं होतं. दुसरी, मला बरोबर काय ते ठाऊक होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं.

"आजीच्या मनात वाईट काही नव्हतं," हवालदार म्हणाले. "मी काही लिहून घेत नाही. तुम्ही घरी नेऊन रीतीनं उरकून टाका. पण साहेब, तुम्हाला जर माहीत होतं..." गाडीला किक मारून गेले.

माणसं पांगली. भंगारवाला एकटाच पुठ्ठे गोळा करत होता. मी वाकून बाटल्या उचलायला लागलो.

"रहने दो साब," तो म्हणाला. रागानं नाही. मी तरी दोन उचलल्या. त्यानं त्या माझ्या हातातून घेतल्या, गोणीत टाकल्या आणि तिचं तोंड बांधलं.

आई माझ्या मागून घरी आली. आल्यावर म्हणाली, "चिखलाचा कसा जाळायचा? आण हिकडं." तिनं तो पुन्हा धुतला. बाहेर दोरीवर घालायची मला हिंमत होईना, तेव्हा आम्ही तो आतल्या खोलीत पलंगावर स्वच्छ चादर टाकून पंख्याखाली पसरला. मुलगी दारातून बघत उभी राहिली. तिला आत यावं का नाही, कळेना.

दुपारी मी मागच्या अंगणात घमेलं ठेवलं. भिंतीवर जुनी सतरंजी टाकून आडोसा केला. आई आत बसेल असं मला वाटलं होतं. ती आली, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. माझी पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी लागली. सुती कापड, बघता बघता गेलं.

"राख कुठं टाकायची, ते लिव्हलंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

जास्वंदीच्या बुडाशी खड्डा करून आम्ही ती पुरली. मग आईनं डोक्यावरून आंघोळ केली, मला करायला लावली, आणि आमची आंघोळ होईपर्यंत सुनेला गॅस पेटवू दिला नाही. जेवताना एकदाच बोलली. "तव्हाच सांगितलं असतं, तर म्या न्हेलाच नसता."

"चूक माझी आहे, आई."

"तुझी कशी? न्हेला तर म्या. त्या गाडीवाल्याला लोक कायबाय बोलले, ते माझ्यापायी. पाप माझंच."

मी पुष्कळ समजावलं. हेतू, मान, हवालदार काय म्हणाले ते, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. माझ्या वाट्याचं होतं ते तिनं उचलून आपल्या पदरात घातलं, आणि मला ते परत घेता येईना. आजही येत नाही. भंगारवाला अजून रविवारी येतो, पिंपळाखाली मात्र टेकत नाही. पुढच्या चौकात जाऊन बसतो. मी त्याला दोनदा थांबवून बोलायचा प्रयत्न केला. "हो गया साब, छोडो," म्हणतो.

यंदा सव्वीस जानेवारीला आई आमच्याकडंच होती. नवा झेंडा मीच बांधला. ती आमच्या फाटकातच उभी राहिली.

"पुढं ये ना, आई."

"हितून दिसतंय की."

दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. मी मागं वळून पाहिलं. तिचे दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले होते, गर्दीत लेकरानं काही धरून ठेवावं तसे.

घरी आल्यावर मी चहा केला. कप हातात घेऊन तिनं हळूच विचारलं, सून आत असताना, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"त्याला हात जोडले तर चालतेत का रं? का त्याचा बी काही कायदा हाय?"

"चालतात, आई. कसलाच कायदा नाही."

तिनं चहाचा घोट घेतला.

"पुढल्या टायमाला जोडीन मग," ती म्हणाली. "तू आधी नीट वाचून ठिव."