म्हाताऱ्यांचं पाणी

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना दोनच गोष्टींचं वेड. एक तिथले काळे खडक, आणि दुसरं म्हणजे त्या खडकांपाशी नुसता श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका. बू ग्येसुन त्यांतली पट्टीची. चोपन्नाव्या वर्षीही खोल पाण्यात उतरे आणि दर शनिवारी पाहुण्यांना बुडी मारून दाखवे. सोलची मंडळी टाळ्या वाजवत, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्या टाळ्यांची चटकच लागली होती.

एका शनिवारी समुद्र खवळला. पाहुण्यांना सरळ नाही म्हणायचं सोडून ग्येसुन खाडीतल्या उथळ पाण्यात शिरली. ते पाणी गावानं म्हाताऱ्या बायकांसाठी राखलेलं. धडधाकट बाईनं तिथं हात घालायचा नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं. तिनं होते नव्हते ते अकरा शंख वर काढले. पाहुण्यांनी ते तिखट चटणीशी जागीच फस्त केले.

दुसऱ्या दिवशी यांग मालसुन तिथं उतरली. वय चौऱ्याऐंशी. ग्येसुनला श्वास रोखायला हिनंच शिकवलं होतं. दोन तास धडपडून म्हातारी रिकामी जाळी घेऊन वर आली आणि म्हणाली, डोळे गेले माझे, आता घरीच बसते. 'मावशी, मी काढले' हे तीन शब्द समोर बसलेल्या ग्येसुनच्या तोंडून निघेनात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी समुद्र निवळताच तिनं खोलातून अकरा शंख आणून खाडीतल्या दगडांच्या फटींत ठेवले आणि अजून एकदाच उतरा म्हणून मावशीची मनधरणी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालसुन भरल्या जाळीनं वर आली. शेकोटीशी बसून एकेक शंख हातात फिरवू लागली. खोल पाण्यातल्या शंखांना लाटांच्या माराने काटे येतात, खाडीतले गुळगुळीत राहतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घाईघाईत ग्येसुनच विसरली होती.

"पोरी, हे काटेवाले इथं कसे गं आले?"

ग्येसुननं मान खाली घालून सगळं सांगितलं.

मालसुननं जाळी तिच्यापुढं रिकामी केली. "शंखांचं काही नाही गं. काल मी स्वतःला आंधळी म्हणत होते, आणि तू समोर बसून ऐकत होतीस."

मग ती कपडे बदलायला उठली. ग्येसुननं शंख गोळा करायला हात पुढे केला, पण तिच्यानं ते उचलवेनात.