क्यूच्या वहीचं शेवटचं पान

शरद गेल्याचं कळलं तेव्हा मी नौपाड्यातल्या माझ्या दुकानात एका प्लंबरशी नळांच्या भावावरून हुज्जत घालत होतो. कोपरीच्या आमच्या जुन्या चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर शरदचा हार घातलेला फोटो आला. मी तो पाहिला, मोबाइल उलटा ठेवला आणि आधी सौदा पुरा केला. मग स्टुलावर बसून तो फोटो पुन्हा उघडला. चाळीत भिंतीला भिंत लागून वाढलेलो आम्ही, आणि मला कोणी साधा फोनही केला नाही... याचा राग आला. राग आला की मला बरं वाटतं, दुसरं काही वाटायला जागा उरत नाही.

शरद ठाण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. मी दहावी नापास, सायकलला पिशवी अडकवून नळाचे वायसर विकत विकत दुकानापर्यंत पोचलेला. सगळे मला शेठ म्हणतात, तो एकटा बाळ्या म्हणायचा, तेही गिऱ्हाइकासमोर. निवृत्त झाल्यावर तो डोंबिवलीला राहायला गेला आणि तिथे त्याला एक नाद लागला. इंग्रजीत क्यू आला की मागोमाग यू यायलाच हवा, असं आम्ही शाळेत छडी खाऊन शिकलेलो. शरद नेमके यू नसलेले शब्द गोळा करायचा. किविअट, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या कस्तुरी बैलाची आतली मऊ लोकर. किंतार, म्हणजे आल्बेनियातलं चिल्लर नाणं. एकदा त्याने फकीर आणि काझी दाखवले, तेही क्यूने लिहिलेले. मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्याकडचे. फकीर इंग्रज कधी झाला?"

"डिक्शनरीत राहायला गेला तेव्हा," तो म्हणाला. "तू नाही का कोपरी सोडून वर्तकनगरकर झालास?"

त्याचा एक नियम होता. नवा शब्द आधी वहीत पेन्सिलीने लिहायचा. दुसऱ्या कोशात तोच शब्द सापडला तरच त्यावर शाई. समासात तो काहीबाही टिपूनही ठेवायचा. किविअटशेजारी लिहिलं होतं, मंदाला अशी शाल मिळेल का. मंदा म्हणजे त्याची बायको. एका शेजाऱ्याबद्दल तर इतकं खरं लिहिलेलं की वाचताना मला ठसका लागला. तेव्हा हसलो. पुढे त्याचीच धास्ती वाटू लागली.

कारण आमचं भांडण झालं. डोंबिवलीच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला पुठ्ठा नसलेला एक जाडजूड कोश दिसला. भाव करायला त्याने मलाच नेलं. रद्दीवाला म्हणाला, पुस्तक किलोवर मिळणार नाही. माझा आवाज चढला, मी त्याला चोर म्हटलं. शरदने मुकाट्याने तो सांगेल ते पैसे दिले आणि माझ्या देखत हात जोडले. "माफ करा, हा असाच बोलतो." मी त्याच्याच कामासाठी घसा फोडत होतो आणि हा माझ्यासाठी परक्याची माफी मागतो... मी चहा न घेता रिक्षा पकडली. त्यानंतर चार महिने मी फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

तेराव्याला गेलेलो. मंदावहिनींना विचारलं, मला का नाही कळवलंत. त्या म्हणाल्या, आजारपणात कळवू का म्हणून विचारलं होतं, तर आधी बरा होतो म्हणाले. मग आतून ती वही घेऊन आल्या. "ही तुम्हाला द्यायला सांगितली होती. म्हणाले, बाळ्याचं एक काम राहिलंय."

माझं कसलं काम? मला एकच सुचत होतं, माफी मागण्याचं. मरतानाही हा प्रुफावर करायचा तशी माझ्यावरच चुकीची खूण करून गेला, असं वाटून वही मी दुकानात काउंटरखाली टाकली. आठवडाभर तिला हात लावला नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र पाय तिच्यापासून लांब ठेवायचो. आत माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? शेजाऱ्यासारखं, खरं?

शेवटी एका दुपारी दुकान रिकामं असताना मागच्या बाजूने उघडली. शेवटच्या पानांवरचे शब्द त्याच बिनपुठ्ठ्याच्या कोशातले होते, तसं त्याने वर लिहिलेलंच होतं. म्हणजे भांडणानंतरचे. सगळ्यात शेवटचा शब्द पेन्सिलीत, कनात. अर्थ लिहिला होता: डोंगराखालचं पाणी जमिनीखालून लांबच्या शेतापर्यंत नेणारा बोगदा, इराणात खणतात, पंप लागत नाही. आणि समासात, वाकड्यातिकड्या अक्षरात: बाळ्याला विचारणे, उतार किती ठेवत असतील?

एवढंच. रद्दीवाल्याचं नाव नाही, कोणाची माफी नाही. मी पान दोनदा तीनदा उलटून पाहिलं...

दुसऱ्या दिवशी त्याच रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने मला ओळखलं. मी म्हटलं, "त्या दिवशी जास्त बोललो." मग दुसरा एखादा इंग्रजी कोश मागितला, त्याने आतून काढून दिला. सवयीने मी दहा रुपये कमी सांगितले, मग जीभ चावून तो सांगेल ते दिले. त्या कोशात कनात सापडला. शाईचं पेन उघडलं, पण शरदच्या अक्षरावर ते फिरवायची हिंमत झाली नाही.

उत्तर मला पहिल्या वाचनातच ठाऊक होतं, आयुष्यभर नळ आणि पाइपच तर विकले. प्रश्नाखाली मी लिहिलं: अगदी कमी. त्याहून कमी पडला तर गाळ बसतो, जास्त झाला तर पाणी घाईने जातं आणि तळ खरवडतं.

पेन्सिलीनेच लिहिलं. बरोबर असेल ना, एवढीच काळजी आहे. तपासणारा आता नाही. वही काउंटरवरच ठेवली आहे, आणि सारखा हात लागून ती पेन्सिल पुसट होत चालली आहे.