‘हाय’चा स्टिकर

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या शाळेत शिपाईमामांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. दिघीच्या बाजूच्या मुलांना मराठी शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘न्हाय’चं ‘नाही’ करण्यात. आमची नारळी-पोफळीची वाडी, घरातलं बोलणं पुस्तकी. मुलं बहुतेक आगरी आणि कोळी. बोर्डाच्या पेपरात ‘हाय’ लिहिलं तर मार्क जातात, म्हणून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागायची.

गेल्या वर्षी दहावीत एक मुलगी होती. बोलायला धीट, आवाज खणखणीत. माणगावच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी आधी व्हिडिओ पाठवायचा होता, म्हणून वाचनालयात उभी करून मी माझ्याच मोबाइलवर तिचं भाषण घेतलं. चार मिनिटं ती अस्खलित बोलली. मग एकदम थांबली. मी मागून विचारलं, “आहे का अजून काही?” ती दचकली, डोळे वटारून म्हणाली, “हाय बाई, हाय!” आणि पुढचं विसरलीच. आम्ही दोघी पोट धरून हसलो. स्पर्धेसाठी दुसऱ्यांदा घेतलं, पण पहिल्यात ती जास्त रंगली होती. मला कौतुक आवरेना. तो पहिलाच व्हिडिओ मी शेवटासकट दहावीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप पालकांचा, फोन मात्र मुलांच्या हातात, हे मला कळत नव्हतं असं नाही.

दोनेक आठवड्यांनी पनवेलहून माझ्या भाचीने एक हलता स्टिकर पाठवला. डोक्यावर शिंगं, नाकाखाली झुपकेदार मिशा, वटारलेले डोळे, तोंड उघडतंय-मिटतंय आणि खाली लिहिलेलं, ‘हाय’. मला भलतीच गंमत वाटली. रोज फुलं आणि सुविचार पाठवून मी तरी कंटाळलेच होते. त्या रविवारी दहावीच्या ग्रुपवर व्याकरणाच्या जादा तासाचा निरोप द्यायचा होता. आधी तो स्टिकर टाकला, मग निरोप लिहिला. पटापट हसरी तोंडं आली. आपण अजून म्हाताऱ्या झालो नाही, असं वाटून मी खूश झाले.

सोमवारपासून ती मुलगी शाळेत येईना. आठवडा गेला, पूर्वपरीक्षा तोंडावर आली. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तणतणतच तिच्या घरी गेले. आई ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती.

“बाई, ती शाला सोडते म्हनते,” आई म्हणाली. “परीक्षेचा फारम भरलाय, तरी न्हाय म्हनते. मारून बी बघितलं. आता तुमीच काय ते बघा.”

मुलगी आत भिंतीला टेकून बसली होती. मी सुरुवातच आवाज चढवून केली. बोर्ड, वर्ष वाया जाणं, आईचे कष्ट, सगळं ऐकवलं. मग तिने आईचा फोन उचलला, बोटाने काहीतरी वर सरकवलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. शिंगं, मिशा, आणि मिशांच्या वर तिचे डोळे. माझ्या वाचनालयात दचकलेले डोळे. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

“अगं, मला वाटलं ते इंग्रजीतलं हाय,” मी म्हणाले. “नमस्कार करतात ना, तसलं.” माझं मलाच ते पांचट वाटलं.

“माजं तोंड तुमाला वलखू आलं न्हाय?” तिने विचारलं.

मी चष्मा काढून हातात धरला.

“पोरं पंधरा दिवस पाठवत होती,” ती म्हणाली. “कोन कुठली पन, वलखीची न्हाईत अशी. मी ठरवलं होतं, सोमवारी बाईंना सांगायचं. रविवारी तुमचंच आलं.”

आई जवळा हातात धरून दारात येऊन उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी तिथेच बसून स्टिकर पुसायला गेले. सगळ्यांसाठी पुसायची मुदत संपली होती. फक्त माझ्यापुरता पुसता येत होता. म्हणून त्याच ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, मुलीची आणि आईची माफी मागितली. मला लाज वाटत होती आणि तेवढाच रागही येत होता. हे करणाऱ्याला सोमवारी सोडणार नाही, असं मी त्या दोघींना सांगून निघाले.

सोमवारी आई तिला फाटकापर्यंत सोडून गेली. ती शेवटच्या बाकावर बसली. मी वर्गासमोर आधी माझी चूक सांगितली. मग विचारलं, “बनवला कोणी?” आवाज चढवायचा नव्हता, पण चढलाच.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. माझी लाडकी, निबंधात कायम पहिली. ती रडतच होती. “मी बनवला, बाई. पण मी वेगळं काही नाही केलं. तुम्ही रोज अशीच नक्कल करून दाखवता ना? डोळे मोठे करून, हाय, हाय म्हणत. आम्ही सगळे हसतो. मला वाटलं, एवढं चालतं.”

“खोटं बोलू नकोस!” मी ओरडले.

वर्गात एक मूल हललं नाही, एकाने मान वर केली नाही. मी असं करते? कधी? मला खरंच आठवेना. काय बुद्धी झाली कोण जाणे, पण कोणीतरी माझ्या बाजूने बोलावं म्हणून मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. ती मुलगी सावकाश उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“व्हय, बाई,” ती म्हणाली. “तुमी करता. माजी सगल्यात जास्त.”