दाजींच्या अंगातला देव

"उठा! उठा समदे! ह्यांच्या अंगात देव न्हाई, शिंदी हाय शिंदी!"

माझी अक्का केरसुणी उगारून ओरडत होती आणि तिच्या अंगणात निम्मं झरी गाव हात जोडून बसलं होतं. मधोमध घोंगडीवर आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक. हात थरथरतायत, बोटं आकड्यासारखी वळलीत, पापण्या फडफडतायत. पुढ्यात नारळ, उदबत्त्या आणि शिंदीचं, म्हणजे ताडीसारख्या दारूचं गाडगं. ह्या देवाला म्हणे शिंदीच चालायची!

दाजी मेंढरं राखायचे. लोकर कातरायचे तर अशी, की मेंढराला थंडी वाजली म्हणजे कळायचं, आपण कातरले गेलो. पण निजामी अमलात गावोगाव शिंदीखाने. त्यांनी तो हात खाल्ला. भाकरी सुटली, शिंदी राहिली. मग थरथर अशी वाढली की दुधाचा तांब्या हातात दिला तर चुलीपर्यंत जाईतो लोणी वर यायचं. खोटं वाटत असेल तर त्या लोण्याला विचारा.

आणि गाव काय म्हणालं? अवसर आला, देव अंगात आला! पाटील सगळ्यांच्या पुढं. "देवा, औंदा पाऊस हाय का?" मान हलली की होकार, हात हलला की नकार. अरे, माणूस वाळून काटकी झाला, पोटऱ्यांत गोळे येऊन किंचाळायचा, तर म्हणे देव गर्जला! आजही हे आठवलं की माझ्या डोक्यावर ज्वारी टाका, लाह्या फुटतील.

त्या दिवशी भर बैठकीत दाजींना झटका आला, दातखीळ बसली. लोकांनी आणखी जोरात हात जोडले. अक्का मला म्हणाली, "बापू, गाडी जुंप. मला देवाची बायको न्हाई व्हायचं, आन् देवाची विधवा तर मुळीच न्हाई."

परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर कडाडले, "देव-बीव कुछ नहीं! शराब ने इसके बदन का खार पेशाब में बहा दिया!" मग आम्हाला उमजेल असं सांगितलं. रोज ढोसणाऱ्याचं मूत्रपिंड क्षार धरून ठेवत नाही. त्यात पोटात अन्न नाही, उलट्या-जुलाब चालू, आतडंही नीट शोषत नाही. मॅग्नेशियम गेलं की पोटॅशियम टिकत नाही, कॅल्शियमही घसरतं. मग स्नायू आपोआप ओढले जातात, झटके येतात, काळजाचाही ठेका चुकतो. थरथरीतला काही वाटा दारू उतरण्याचा, तोही जीवघेणाच. "और पिलाते, तो मर जाता."

म्हणजे आमचं गाव नारळ फोडून माणूस मारत होतं!

मॅग्नेशियमच्या सुया झाल्या, दूध झालं, डाळीचं पाणी झालं. हळूहळू बोटं उलगडली. परतलो तर वेशीवर पाटील गाडगं घेऊन हजर. "घोटभर घ्या देवा, लोक खोळंबल्यात."

"पाटील, तुमच्या पावसापायी माझ्या बहिणीचं कुंकू पुसायलात का?" मी असा ओरडलो की पार जिंतूरची कुत्री भुंकली. अक्कानं गाडगं घेतलं आणि पाटलांच्याच पायावर फोडलं.

दाजी घरी येऊन गुमान मेंढरू धरून कातरायला बसले. माझा राग अजून उतरला नव्हता. म्हणालो, "दाजी, तुमी तरी सांगायचं ना, माझ्या अंगात देव न्हाई म्हणून!"

कातर न थांबवता ते म्हणाले, "सांगितलं व्हतं की. पर देवाचं कोन ऐकतंय?"