सासऱ्याचं नाव

आमची वहिनी कुणाला लांबून हाक मारत नसे. जेवण तयार झालं की शेताच्या पार त्या टोकापर्यंत चालत यायची, जवळ उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "भावजी, चला." लोक हसायचे. हसू देत. ती कर्जतकडून लग्न होऊन आमच्या खालापूरजवळच्या गावात आली तेव्हा तिचा आवाज असा होता, की पाताळगंगेच्या पलीकडे चरणारी म्हैस एका हाकेत मान वर करायची. तो आवाज कुठे गेला हे सांगायला आता मीच उरलोय. शिक्षण माझं दुसरीपर्यंतचं, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला शाळा लागत नाही.

वडील वारले त्याच वर्षी दादाला मुलगा झाला. वडिलांचंच नाव ठेवलं, गणपत. आमच्यात तेव्हा सून सासऱ्याचं नाव घेत नसे, बायको नवऱ्याचं घेत नसे. म्हणून आई आणि वहिनी दोघीही त्याला बाळ म्हणत. पोर देखणं. पण चालायला लागलं तरी तोंडातून शब्द नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघणं नाही. उंबऱ्यावर चिंचोके ओळीत मांडत बसायचं. एखादा हलला की ओरडून घर डोक्यावर घ्यायचं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. दादा आणि वहिनी त्याला कर्जतला डॉक्टरकडे घेऊन गेले, गाडी हाकायला मी. डॉक्टरने खिशातलं घड्याळ त्याच्या कानामागे धरलं. पोर चटकन वळलं, घड्याळाकडे. डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत. पण माणसांकडे याचं लक्षच नाही. याला औषध नाही. आहे तसा सांभाळा." हल्ली अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, असं नातसून सांगते. तेव्हा आमच्याकडे त्याला एकच शब्द होता, येडं.

परत येताना वहिनी गाडीत धुमसत होती. "एवढ्याशा येळात त्यानं काय वळखलं माझ्या पोराला? घड्याळाला वळतंय, तर आयशीला का नाय वळणार?" मग अंगारे-धुपारे करणारा भगत झाला, नवस झाले, वेखंड उगाळून जिभेला लावून झालं.

शेजारच्या ठमाकाकीने शेवटी नवीनच काढलं. "बाळ बाळ काय करतेस गं? गावात बाळं काय कमी हायत? बापाची हाक येगळी, आयशीची येगळी. तू नावानं बोलावल्याबिगर पोरगं वळंल कसं?"

वहिनीच्या डोक्यात ते बसलं. तिने आईला विचारलं, "आत्याबाई, येकडाव घेऊ का नाव?"

"मी जिती हाय तवर नाय," आई म्हणाली. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

भात झोडायला खळ्यावर सगळी भावकी जमली होती. पोर कडेला बसून पेंढ्याच्या काड्या ओळीत लावत होतं. आई सुपाने भात वारवत होती. वहिनीने हातातला भारा खाली टाकला, पदर खोचला आणि त्या आवाजात हाक मारली, "गणपत."

झोडणारे हात थांबले. दादाने मान खाली घातली. पोराने पुढची काडी लावली.

वहिनीने पुन्हा हाक मारली. आवाज फाटला तरी मारत राहिली. तेवढ्यात आई उठली. मला वाटलं, आता झिंज्या धरते. पण आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझ्या आईने जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं, तो मेल्यावरही नाही. तिने सूप तसंच छातीशी धरलं आणि म्हणाली, "गणपत. ए गणपत. बघ रं इकडं. तुजी आय बोलावतेय."

पोराने काडी सरळ केली.

वहिनीने आईच्या तोंडावर हात ठेवला. "नका, आत्याबाई. त्याला ऐकाय येतंय."

त्यानंतर ती कुणालाच हाक मारीनाशी झाली. कामातून उठायची आणि त्याच्याजवळ जाऊन बसायची. अंगाला हात लावला की तो झटकायचा, म्हणून वीतभर लांब. भगताला तिने दारातूनच परत पाठवलं. "माजं पोर कुटं गेलंय, म्हून तुमी परत आणताय? हितंच हाय."

दोन पावसाळे गेले आणि हिवतापाने त्याला धरलं. अंगात त्राण उरलं नाही तेव्हा वहिनीने त्याला मांडीवर घेतलं. तिथेच तो गेला. बायका समजूत घालायला आल्या. एक म्हणाली, "सुटलीस गं बाय." वहिनी तिच्याकडे वळली. "मी अडकले कवा होते?" म्हणाली.

दिवस कलायला आला होता. न्यायला मी आणि दादा पुढे झालो. वहिनीची बोटं त्याच्या केसांतून फिरत होती.

"भावजी, जरा थांबा," ती म्हणाली. "आज तो हात झटकत नाय."

आम्ही दाराशी जाऊन बसलो.